टाका पुरा होऊ दे

१० नोव्हेंबर, देवास

व्यासपीठावर मी कधी शंका बोलून दाखवत नाही. माईक हातात आला की माझा प्रत्येक शब्द पक्का असतो. पण शंका येतात, आणि त्यांनाही कुठेतरी जागा हवी. म्हणून ही वही.

आज ओसरीला पहिली नोकरी लागली. ओसरी ही मी तयार केलेली प्रोग्रामिंगची भाषा. इथल्या कॉलेजात संगणक शिकवताना वर्षानुवर्षं पाहते आहे की आपली मुलं तर्कात अडत नाहीत, इंग्रजी शब्दांत अडतात. म्हणून 'जोवर' लिहा की 'जब तक', दोन्ही समजणारी भाषा केली. आजवर तिनं वर्गात पाढे म्हटले, कोडी सोडवली. आता ती धारला अंशुलच्या कारखान्यात भरतकामाचं मशीन चालवणार.

अंशुल माझा मावसभाऊ. त्याचे पूर्वज पवारांच्या लष्करासोबत तंबू शिवत धारला आले. आता तो आणि त्याची बायको अल्पना शेले, खण, अंतरपाट भरून देतात. मशीनचा जुना कंट्रोल जळला, तेव्हा त्याचा कॉलेजातला मित्र अजेय मदतीला आला. हा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर, राहतो सोनकच्छला. त्यानं नवा बोर्ड बनवला आणि त्यावर ओसरी चालवू या, असंही त्यानंच सुचवलं म्हणे. माझी बरीच भाषणं त्यानं ऐकली आहेत. भोपाळचंसुद्धा. तिथे तो कोणत्या कामानं आला होता, देव जाणे.

ओसरीचा एक सिद्धांत मी पहिल्या दिवसापासून जपला आहे. चालू प्रोग्रामला कोणी मध्येच तोडायचं नाही. इतर भाषांत कोणीही उठतो, एक बटण दाबतो, ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामच्या दारावर थाप मारते आणि बिचारा वाक्य अर्धं टाकून मरतो. त्या थापेला सिग्नल म्हणतात. ओसरीला ती थाप ऐकूच जात नाही. ज्यानं बोलायला सुरुवात केली त्याला पुरं बोलू द्यावं, ही माणुसकीची पहिली अट आहे. मग तो माणूस असो नाहीतर प्रोग्राम.

अजेय यावर काहीतरी म्हणणार होता, पण माझी बस सुटत होती.

१२ नोव्हेंबर, धार

फजिती.

सुरुवात इतकी सुंदर झाली! लाल कापडावर सोनेरी कमळ उमलत होतं आणि ते उमलवणारा प्रत्येक शब्द माझ्या भाषेतला होता. मी अंशुलला सांगत होते की ज्या समाजाला यंत्राशी स्वतःच्या भाषेत बोलता येत नाही तो समाज यंत्राचा मालक कधीच होत नाही. एवढ्यात दोरा तुटला.

अल्पनानं थांबायचं लाल बटण दाबलं. मशीन चालूच. पुन्हा दाबलं. चालूच. बिनदोऱ्याची सुई कमळाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात नुसती भोकं पाडत सुटली.

"ताई, ये तो सुनतीच नाही!" अल्पना ओरडली.

"ऐकणार नाहीच. तो सिद्धांत आहे. त्यामागची भूमिका अशी, की..."

"ताई, भाषण बाद में! कपडा तो देखो!"

अंशुलनं प्लग उपटला. कापडाची चाळणी झाली होती. अजेय मान खाली घालून हसत होता. मी म्हटलं, "हसू नका भिया, तत्त्वाचा प्रश्न आहे." मी त्याला भिया म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. अख्खा माळवा एकमेकांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो, यालाच काय झालंय? शुद्ध मराठीचा आग्रही असावा.

१५ नोव्हेंबर, देवास

तीन दिवस स्वतःशी भांडले आणि हरले. बोलण्याचा हक्क मोठा, पण बहिऱ्या वक्त्यासमोर सभा फार वेळ बसत नाही. ओसरीनं थाप ऐकली पाहिजे.

पण कशी ऐकायची ते मी ठरवणार! सिग्नल आला की प्रोग्राम हातातलं सोडतो आणि त्या प्रसंगासाठी वेगळं लिहून ठेवलेलं काम करतो. त्या कामाला हँडलर म्हणतात. लोक दोन ओळींचा हँडलर लिहितात, दार आपटल्यासारखा. मी त्यात एक पूर्ण निवेदन घातलं आहे: "मशीन चालवणाऱ्या मित्रा, तू मला थांबायला सांगितलंस. मी तुझ्या आज्ञेचा आदर करते. माझं एवढं काम झालं आहे, एवढं राहिलं आहे, आणि ते अपुरं राहण्याचं कारण असं..." पुढे टाक्यांचा हिशेब, रंगांची नावं, शेवटी धन्यवाद. मराठी आणि हिंदी, दोन्हींत. ज्याचं काम तोडलं जातं त्याला दोन शब्द बोलायला मिळायलाच हवेत.

अजेयचा फोन आला होता. "माधवीजी, हँडलरच्या आत इतकं सगळं करणं..." असं काहीसं म्हणत होता. मी त्याला निवेदन वाचून दाखवलं. आवडलं असावं, कारण पुढे तो काही बोलला नाही. नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, पुन्हा एकदा वाचा.

१९ नोव्हेंबर, धार

चाललं! अल्पनानं चिंधीवर सकाळभर मुद्दाम बटण दाबून पाहिलं. दर वेळी सुई वर, मशीन गप्प, आणि पडद्यावर माझं निवेदन. अंशुलला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून तो हिंदीवर उडी मारतो. "ताई, पढते-पढते चाय ठंडी हो जाती है," म्हणाला. टवाळ कुठला.

गराडूचे कंद तळले होते, वर जीरावण मसाला आणि लिंबू. थंडीत धारचे गराडू खाल्ले की माणसाचा जगावर विश्वास बसतो. अल्पनानं सगळ्यांना बसवलं आणि मला नेमकी अजेयच्या शेजारी जागा उरली. हिच्या घरी खुर्च्या नेहमी कमी पडतात.

उद्या रुचीचा अंतरपाट मशीनवर चढतो. रुची ही अंशुलची धाकटी बहीण. पुढच्या महिन्यात देवासला तिचं लग्न. तिचा हट्ट आहे की नवरदेवाच्या आणि तिच्या मध्ये जो पडदा धरतील तो घरच्या मशीनवर, ताईच्या भाषेतच भरलेला हवा. मला भरून आलं. तिच्यासाठी मंगलाष्टकंही रचते आहे. पाच कडवी झाली.

२३ नोव्हेंबर, धार

लिहायला हात उचलत नाही.

अंतरपाट जवळजवळ झाला होता. दोऱ्याचा रंग बदलायला अल्पनानं बटण दाबलं आणि मशीन जागच्या जागी गोठलं. सुई कापडात रुतलेली, निवेदन नाही, हिशेब नाही, काहीच नाही. पुन्हा बटण, तरी काही नाही. प्लग काढून सुई हातानं सोडवताना स्वस्तिकाच्या मधोमध कापड फाटलं.

परवा शंभरदा चाललेलं आज का अडलं? मी लगेच पुन्हा चालवलं, बटण दाबलं, थांबलं छान, निवेदनासकट! हीच तर पीडा. कधी चालतं, कधी गोठतं, आणि केव्हा गोठेल ते सांगता येत नाही. अशा यंत्रापेक्षा रोज बिघडणारं यंत्र बरं.

अल्पना नुसती फाटलेल्या जागेवर बोट फिरवत होती. तिनं मला रागावायला हवं होतं.

अंशुल मात्र बोलला, अगदी हळू. "ताई, बुरा मत मानना. जानेवारीत देवीच्या देवळाचे शेले आहेत. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदा आली आहे. मी रिस्क नाही घेऊ शकत. लग्न झालं की इंदूरहून तयार कंट्रोल बसवून घेतो."

मी ज्याला त्याला सांगितलं आहे की ओसरी कामाला लागली. मुलांना सांगितलं, सभेत सांगितलं. पण खरं दुःख त्या नाचक्कीचं नाही. ओसरी वर्गातल्या कोड्यांपुरतीच राहिली, तर मुलं म्हणतील, आपल्या बोलीत खेळायचं आणि पोटाचं काम दुसऱ्याच्या भाषेत करायचं. हेच खोटं ठरवायला मी ही भाषा केली होती.

लग्नापर्यंत वेळ आहे. पाहू.

२६ नोव्हेंबर, देवास

अजेय आला होता. सोनकच्छहून इकडे काही काम होतं म्हणाला, पण काम न करताच परत गेला. येताना पेरूंची पिशवी घेऊन आला आणि आईशी तासभर बोलला. मला म्हणाला, "माधवीजी, मला वाटतं ते गोठतं तेव्हा ना, प्रोग्राम आतून मेमरी..." मी म्हटलं, "थांबा, आधी मी काय काय तपासलं ते ऐका." फार दिवसांनी इतका चांगला श्रोता मिळाला. बोलता बोलता त्याची बस निघून गेली आणि दुसरीही.

कारण अजून सापडलेलं नाही.

३ डिसेंबर, देवास

अल्पनानं नवा अंतरपाट हातानं भरला. सुरेख झाला आहे. मी पाहिला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

मंगलाष्टकाचं सहावं कडवं झालं.

५ डिसेंबर, देवास

सापडलं! सापडलं! भर मांडवात सापडलं!

नीट क्रमानं लिहिते. अंतरपाट धरलेला, अलीकडे रुची, पलीकडे नवरदेव, हातात अक्षता घेऊन सगळं गणगोत. मंगलाष्टकं म्हणायला आम्ही बायका रांगेत. पुढे अंशुलची पार्वतीआत्या, तिच्यामागे मी, हातात सहा कडवी. दत्तोपंत गुरुजी मध्ये. त्यांचा भाचा घड्याळ घेऊन खांबाशी उभा होता. त्याचं काम एकच, मुहूर्ताची घटका आली की हात वर करायचा.

आत्याचं कडवं सुरू झालं आणि संपेना. त्यात दोन्ही घरांचे आजे-पणजे आले, नर्मदा आली, नेमावरचा घाट आला, नवरदेवाची नोकरीसुद्धा आली. गुरुजी घामाघूम. शेवटी एकदाचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि मी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत होते तोच खांबाशी हात वर झाला.

गुरुजींनी तो पाहिला. पण मला तोडलं नाही. मान किंचित हलवली आणि ऐकत राहिले. मी कडवं पुरं केलं, 'सावधान' म्हटलं, दुसऱ्या कडव्यासाठी श्वास घेतला आणि त्या श्वासातच गुरुजींनी शेवटचं मंगल म्हणून टाकलं. वाजंत्री सुरू! अंतरपाट दूर! माझी पाच कडवी हातातच राहिली.

संताप झाला. आणि डोक्यावर अक्षता पडत असतानाच तो संताप विरघळला, कारण मी खांबाशी उभ्या त्या पोराकडे बघत होते. मुहूर्त आला म्हणून तो धावत मांडवात घुसला नव्हता. 'उपस्थित बंधू-भगिनींनो' म्हणाला नव्हता. त्यानं फक्त हात वर केला. आणि गुरुजींनी दर कडव्याच्या शेवटी, फक्त तिथेच, हाताकडे पाहिलं.

माझा हँडलर काय करत होता? मुहूर्ताचा पोरगा कडव्याच्या मध्येच माझ्या हातातला माईक हिसकावून भाषण ठोकत होता!

आणि गोठायचं कारणही दिसलं. निवेदन तयार करायला मेमरी लागते. मेमरीच्या कोठीला कुलूप असतं. एकानं आत जायचं, कुलूप लावायचं, हवं ते घ्यायचं, उघडायचं. प्रोग्राम कुलूप लावून आत शिरला आहे आणि नेमकी तेव्हाच थाप आली तर? तो आहे तिथेच थिजतो आणि त्याच्याच अंगावर हँडलर उभा राहतो. हँडलरला भाषणासाठी मेमरी हवी, म्हणून तो कुलूप उघडायची वाट पाहतो. पण उघडणारा त्याच्याच पायाखाली थिजलेला! दोघे जन्मभर उभे. थाप दुसऱ्या कोणत्याही क्षणी आली तर सगळं सुरळीत. म्हणून कधी चालायचं, कधी गोठायचं. रुचीचा अंतरपाट माझ्या वक्तृत्वानं फाडला.

मी मांडवातून धावत जाऊन अजेयला गाठलं. अंशुलचा मित्र म्हणून तो वाढायला उभा होता, हातात श्रीखंडाचं पातेलं. सगळं एका दमात सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "हो. मेमरीचं कुलूप. तेच मी..."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फोनवर सांगत होतो. मग पेरू आणले तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीत?"

यावर तो इतका हसला की पातेलं खाली ठेवावं लागलं. अल्पनाही हसायला लागली. एवढं हसण्यासारखं काय होतं? पण हसण्याची लागण होते, मीही हसले. माझ्या पानात श्रीखंड चारदा पडलं.

८ डिसेंबर, देवास

अंशुलला फोन केला. म्हटलं, "कंट्रोल आणायच्या आधी मला एक दिवस दे." तो म्हणाला, "एकच, ताई. शनिवार."

नवा हँडलर लिहिला. एक ओळ! फक्त एक खूण करतो, 'कोणीतरी हाक मारली आहे', आणि परत जातो. हात वर करतो, बस्स. ओसरी प्रोग्रामची एक एक ओळ पुरी करते, ओळीच्या शेवटी खूण पाहते, असेल तर सुई वर घेऊन नीट थांबते.

आणि निवेदन? मेमरी मोकळी असताना बोलायला आता हरकत नाही. तरी बसून खोडत गेले. धन्यवाद गेले, भूमिका गेली, आदर गेला. शेवटी एक शब्द उरला: "थांबले." मोठ्यानं म्हणून पाहिला. माझ्या सगळ्या भाषणांत इतका बरा शब्द क्वचितच सापडेल.

११ डिसेंबर, देवास

घरी करून पाहिलं आणि नवाच घोळ. बटण दाबलं तरी कितीतरी वेळ थांबत नाही. गोठत नाही, पण ऐकतही नाही. कारण ओसरीत 'कमळ भर' ही एकच ओळ आहे, आणि त्या ओळीच्या पोटात हजारो टाके. ओळ संपेपर्यंत खुणेकडे कोण पाहणार? ही तर पार्वतीआत्या!

दर टाक्यानंतर पाहायला लावलं. टाका अर्धा तोडायचा नाही, तो पुरा होऊ द्यायचा, पण पुढचा सुरू करायच्या आधी मान वर करून बघायचं. माझा जुना सिद्धांत मेला नाही, लहान झाला. जे सुरू केलं ते पुरं करण्याचा हक्क आहेच. फक्त कमळ म्हणजे वाक्य नव्हे, टाका म्हणजे वाक्य. मी आजवर कमळाएवढी वाक्यं बोलत आले.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, कोणीतरी सांगितलं तुला." मी म्हटलं, कोणी नाही, मीच शोधलं.

१४ डिसेंबर, धार

आज मी कारखान्यात एक शब्द बोलले नाही. अंशुलनं दोनदा विचारलं, "ताई, तबियत ठीक है ना?"

अल्पनानं देवीच्या शेल्याचंच कापड चढवलं. अंशुल म्हणाला, चिंधीवर कर. ती म्हणाली, "नहीं. चिंधीवर तर तेव्हाही चाललं होतं." सुई सुरू झाली. अर्धं कमळ झाल्यावर तिनं कात्रीनं दोराच कापला आणि लाल बटण दाबलं.

सुईनं हातातला टाका पुरा केला. वर गेली. पडद्यावर: "थांबले."

अल्पनानं दोरा ओवला, सुरू केलं. त्याच टाक्यापासून पुढे, जणू काही झालंच नाही. मग तिनं पुन्हा बटण दाबलं, पुन्हा, पुन्हा, पाकळीच्या टोकाला, वळणावर, रंग बदलताना, दोनदा एकदम. अंशुल तिला बाजूला सारून स्वतः दाबायला लागला. मग अजेय. सकाळची दुपार झाली आणि मशीन एकदाही गोठलं नाही. शेल्यावर कमळ पुरं झालं. अल्पनानं ते उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिलं. कुठे दोरा जमला आहे का, भोक पडलं आहे का, ते पाहिलं. मग घडी घालून 'तयार'च्या ढिगात ठेवलं, पहिलंच.

अंशुलनं इंदूरला फोन लावला. "हां भिया, वो कंट्रोल रहने दो. नहीं-नहीं, खराब नहीं है. अपने यहाँ घर का है, और सुनता है."

घर का है! मी अल्पनाला मिठी मारली, अंशुलला मारली, मशीनच्या लोखंडालाही मारली. अजेयशी हात मिळवला. त्यानं बराच वेळ सोडला नाही; त्यालाही फार आनंद झालेला दिसला.

संध्याकाळी सगळे मांडूच्या गडावर गेलो. अंशुल आणि अल्पना गाडीतून उतरले आणि लगेच कुठेतरी कणसं आणायला गेले. कठड्याशी मी आणि अजेय. खाली निमाड पसरलेला. मी ओसरीच्या पुढच्या कामाविषयी सांगायला सुरुवात केली, आणि एक वाक्य झाल्यावर थांबून त्याच्याकडे पाहिलं. आता ही सवय लावून घ्यायची ठरवली आहे. दर वाक्यानंतर पाहायचं, कोणाचा हात वर आहे का.

त्याचा चेहराच सांगत होता की आहे. म्हटलं, "बोला."

तो गोंधळलाच. मग म्हणाला, "माधवीजी, माझ्या आईला तुम्हाला भेटायचं आहे. पुढच्या रविवारी सोनकच्छला याल? तुमच्या आईंनाही घेऊन या. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय." सलग चार वाक्यं, मी मध्ये एकदाही बोलले नाही.

मी आनंदानं हो म्हटलं. अंशुलला सांगितलं तर तो शिट्टी वाजवायला लागला, आणि अल्पनानं गाडीतच ठरवून टाकलं की मी तिची हिरवी माहेश्वरी नेसायची. मला खरंच कौतुक वाटतं. सोनकच्छसारख्या गावात, या वयात, एखाद्या बाईंना प्रोग्रामिंगच्या भाषेविषयी इतकी ओढ असावी! त्यांच्यासाठी सोप्या शब्दांत मांडणी करायला आजच बसते. एकच अडचण आहे. अजेय निघताना म्हणाला, लॅपटॉप आणू नका. का ते कळलं नाही. काहीच न दाखवता समजावून सांगायचं म्हणजे दोन तास तरी लागणार.